खाऊ नका म्हणता, ठीक आहे. पण सांभाळणार कोण?

श्रावण जवळ आला की आपल्याकडे दोन वाक्यं हमखास फिरायला लागतात. गटारीच्या आधीचं वाक्य असं: "आपण बोकड-कोंबड्या खाल्ल्या नाहीत तर जिकडेतिकडे तेच होतील, माणसाला पाय ठेवायला जागा उरणार नाही." आणि गटारी झाली की दुसरं येतं: "सगळ्यांनी मांस सोडलं तर ही मुकी जनावरं सुखानं जगतील."

मी दुधाचा धंदा करतो. दावणीला आठ एचएफ गायी, दारात चार शेळ्या. आई माळकरी, भाऊ रविवार चुकू न देणारा. त्यामुळे दोन्ही वाक्यं मी घरातच ऐकतो, आणि दोन्ही साफ खोटी आहेत.

पहिलं वाक्य आधी घेऊ. पाळीव जनावर रानातल्या सशासारखं आपोआप वाढत नाही. माझ्या गोठ्यातली एकही गाय वळूजवळ गेलेली नाही. डॉक्टरला फोन जातो, तो येऊन भरवतो, तेव्हा नऊ महिन्यांनी वासरू होतं. ब्रॉयलर कोंबडी तर हॅचरीच्या मशीनमध्येच जन्माला येते आणि सहा आठवड्यांत विकली जाते. गिऱ्हाईक थांबलं की हॅचरी थांबते, शेड रिकामी होते. त्यामुळे "आम्ही खातो म्हणून जागा राहते" हा उपकार मांसाहारी मंडळींनी जगावर लादू नये.

आता दुसरं वाक्य. लोकांनी एकदम खाणं सोडलं तर जनावरांचं काय होतं, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. फेब्रुवारी-मार्च २०२० आठवा. चिकन खाल्ल्यानं कोरोना होतो अशी अफवा व्हॉट्सअॅपवर पसरली आणि लोकांनी चिकन सोडलं. मग कोंबड्या सुखानं जगल्या का? भाव इतका पडला की खाद्याचा खर्च निघेना. कुठे फुकट वाटल्या, कुठे जेसीबीनं खड्डा काढून जिवंत पुरल्या. शेतकरी क्रूर होता म्हणून नाही. हजारो पक्ष्यांना रोज खाद्य लागतं आणि ते उधारीवर मिळत नाही म्हणून. लोकांनी चिकन सोडल्याचा त्या कोंबड्यांना काय फायदा झाला, कुणीतरी सांगावं.

"एकदम नाही, हळूहळू सोडायचं" असं कुणी म्हणेल. हळूहळूचं उदाहरणही आपल्याकडे आहे. गाढव. गाढव कुणी खाण्यासाठी पाळत नाही. ते ओझ्यासाठी, वीटभट्टीसाठी, माती वाहण्यासाठी पाळलं जायचं. टेम्पो आला, काम गेलं. २०१२ च्या पशुगणनेत देशात तीन लाखांवर गाढवं होती, २०१९ मध्ये सव्वा लाखाच्या आत आली. सात वर्षांत ६१ टक्के घट. चोरून कातडीसाठी मारली जातात हेही खरं, पण मुळात ती पाळणाराच उरला नाही. जेजुरीच्या आणि मढीच्या गाढवांच्या बाजारात जुनी माणसं काय सांगतात ते एकदा जाऊन ऐका.

कायद्यानं वाचवता येतं असं वाटत असेल तर राजस्थानचा उंट बघा. २०१४ मध्ये त्याला राज्यपशू केलं. २०१५ मध्ये कायदा करून त्याची कत्तल आणि राज्याबाहेर विक्री बंद केली. उंट पाळणाऱ्या रायका लोकांचं उत्पन्नच मुळी नर उंट विकण्यावर होतं. ते बंद झालं. २०१२ मध्ये राजस्थानात सव्वातीन लाख उंट होते, २०१९ ला दोन लाख तेरा हजार राहिले. घट आधीपासून होती, मान्य. पण कायद्यानं ती थांबली का? मान मोठा मिळाला, पाळणारा मात्र निघून गेला.

आता आपल्या घराकडे येऊ. महाराष्ट्रानं हा प्रयोग एका जनावरावर करून पाहिलाच आहे.

गाय आणि तिचं वासरू यांच्या कत्तलीला आपल्याकडे १९७६ च्या कायद्यापासूनच बंदी आहे. त्या कायद्यात बैल आणि वळू यांच्यासाठी एक वाट होती. जनावर ओढकामाला, शेतीला, पैदाशीला उपयोगी राहिलं नाही असा दाखला मिळाला तर ते देता यायचं. १९९५ ला विधिमंडळानं ती वाट बंद करणारी दुरुस्ती मंजूर केली आणि मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळून ती लागू झाली. कत्तलीला पाच वर्षांपर्यंत शिक्षा. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बाहेरच्या राज्यातलं मांस बाळगण्यावरची बंदी काढली, पण इथली बैलांच्या कत्तलीची बंदी कायम ठेवली.

म्हणजे बैलापुरतं "लोकांनी खाणं सोडलं" असं समजा. मग बैल वाढले का?

२०१२ ते २०१९ या काळात देशात गायी १८ टक्क्यांनी वाढल्या, आणि नर, म्हणजे बैल, वळू, गोऱ्हे मिळून, ३० टक्क्यांनी घटले. पावणेसात कोटींवरून पावणेपाच कोटींच्या आसपास. आपल्या राज्यात गाय-बैल मिळून एक कोटी ५५ लाखांवरून एक कोटी ४० लाखांच्या घरात. सगळं खापर कायद्यावर फोडत नाही. मधे दुष्काळ झाले, ट्रॅक्टर दारोदार आला. पण "कापणं बंद केलं की वाढतील" म्हणणाऱ्यांनी हे आकडे एकदा डोळ्यांखालून घालावेत.

का घटले, ते माझ्याच गोठ्याच्या हिशोबानं सांगतो.

आठ गायींना वर्षाला सहा-सात वासरं होतात. निम्मे गोऱ्हे. एचएफच्या गोऱ्ह्याला वशिंड नाही, उन्हात टिकत नाही, जूवाला चालत नाही. शर्यतीलाही खिलार लागतो. म्हणजे तो फक्त खाणार. समजा मी एकही गोऱ्हा सोडायचा नाही असं ठरवलं. दहा वर्षांत मेले-गेले धरून माझ्या दारात तीस नर उभे राहतील. कडबा, हिरवा चारा, थोडी पेंड, राखून राखून दिलं तरी एका मोठ्या जनावराला दिवसाला शंभराच्या खाली जात नाही. तीस गुणिले शंभर, तीन हजार रुपये रोज. आता दूध बघा. आठपैकी एका वेळी पाच गायी दुधात. पाच गायी, बारा लिटर, साठ लिटर, तीस रुपये भाव धरा. अठराशे रुपये. त्यातून त्या आठ गायींचाच खर्च अजून निघायचाय!

"पण म्हातारा बैलही शेण देतो ना?" देतो. वर्षाचं एक-दीड ट्रॉली खत. आमच्याकडे ट्रॉलीला पाच हजार धरा. साडेसात हजार मिळाले. खाल्लं किती? साडेछत्तीस हजार. वरचे एकोणतीस हजार कुणी द्यायचे ते शेणाचं महत्त्व सांगणारे सांगत नाहीत.

मग गोऱ्हे जातात कुठे? हे सगळ्या गावाला माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. काही आठवड्यात मरतात, कारण त्यांना दूधच सोडलं जात नाही. काही रात्रीच्या अंधारात टेम्पोत भरून दुसऱ्या तालुक्याच्या हद्दीत, घाटात, देवस्थानाच्या माळावर सोडले जातात. तिथून ते कुणाच्या तरी मकेत शिरतात, काठ्या खातात, हायवेवर बसतात, ट्रकखाली सापडतात. पोटात प्लास्टिक घेऊन मरतात. २०१९ च्या गणनेत देशात मोकाट गुरं पन्नास लाख भरली. त्यातली निम्म्याच्या आसपास राजस्थान आणि उत्तर प्रदेशात, जिथे गोवंशाचे कायदे कडक आहेत. सुरीनं मरण येतं ते दिसतं. उपासानं येतं ते दिसत नाही, म्हणून ते पुण्यात धरायचं का?

गोशाळा आहेत की! आहेत. मनापासून काम करणारी माणसंही तिथे मी पाहिलीत, त्यांना हात जोडतो. पण सरकारनं सप्टेंबर २०२४ मध्ये गोशाळांना दिवसाला पन्नास रुपये अनुदान ठरवलं, ते देशी गायीला. त्याच दिवशी देशी गायीला राज्यमाता-गोमाता जाहीर केलं. माझ्या एचएफच्या गोऱ्ह्याला काय? तो कुणाचाच नाही. गोशाळेत घेऊन गेलो तर आधी "जागा नाही", मग "देणगी किती देणार?" म्हणजे जनावर माझं, पावती माझी, आणि पुण्य?

आता ताटातल्या पनीरकडे येऊ. हे वाक्य बऱ्याच जणांना झोंबणार आहे, पण लिहितोच. चहा, दही, तूप, पेढा आणि पनीर खाऊन "आमच्यामुळे जनावर मरत नाही" असं म्हणता येत नाही. गाय व्यायल्याशिवाय दूध देत नाही, आणि निम्म्या वेळा गोऱ्हाच होतो. आटलेली गाय आणि तो गोऱ्हा कुणीतरी घेतो म्हणून तुमचं दूध आज या भावात मिळतं. त्यांना मरेपर्यंत सांभाळायचा खर्च दुधात घातला तर लिटरचा भाव किती होईल, वरच्या हिशोबावरून तुम्हीच काढा. २०२५ च्या पावसाळ्यात कुरेशी समाजानं रस्त्यावरच्या मारहाणीला कंटाळून राज्यात जनावरं घेणंच थांबवलं, तेव्हा बाजारातून जनावर तसंच परत घेऊन येणारा माणूस शेतकरी होता. गिऱ्हाईक गेलं की भाकड गायीची किंमत शून्य होते, आणि भाकडची किंमत शून्य झाली की नवी गाय घ्यायला पैसे उरत नाहीत.

कुणी खावं असं मी म्हणत नाही. माझी आई आयुष्यात मांसाला शिवली नाही आणि तिच्या माळेचा मला अभिमान आहे. उलट, दूधही सोडून "जनावरं पैदाच कमी करा, कमी होऊ द्या" असं म्हणणारे वीगन लोक मला जास्त सरळ वाटतात. ते निदान खरं बोलतात. मांस सोडलं तर जनावरं सुखी होणार नाहीत, ती जन्माला येणं थांबेल. खिलार, डांगी, उस्मानाबादी शेळी ही नावं पुस्तकात राहतील. कुणाला ते चालत असेल तर तसं उघड म्हणावं. बेचाळीस दिवसांच्या अंधाऱ्या शेडपेक्षा न जन्मणं बरं, या म्हणण्यात तथ्य आहे, हेही मी मान्य करतो. पण आज जी दावणीला उभी आहेत, त्यांचं काय? ती तर जन्मलीत.

आणि शेळीचंही सांगतो. आमच्या वाडीत ज्या बाईला गुंठाभर जमीन नाही, तिची बँक म्हणजे दोन शेळ्या. पोरीची फी आली, सासऱ्याचं ऑपरेशन आलं, बोकड विकला. उद्या बोकड घेणारा नसेल तर तिनं काय विकायचं, हे एसी हॉलमध्ये करुणेवर बोलणाऱ्यांनी तिला येऊन सांगावं.

म्हणून नुसती तक्रार नको, मागण्या लिहितो.

१. म्हाताऱ्या, निकामी बैलांसाठी १९७६ च्या कायद्यातली दाखल्याची वाट परत उघडा. नसेल उघडायची, तर सरकारनं असं प्रत्येक जनावर बाजारभावानं विकत घ्यावं. दोन्ही नाही म्हणता येणार नाही.

२. गोशाळेचं अनुदान द्यायचं तर सगळ्या गोवंशाला द्या. एचएफ, जर्सी, गोऱ्हा, बैल. आणि चाऱ्याच्या खऱ्या खर्चाइतकं द्या. किती जनावरं आली, किती मेली, याचा बोर्ड गेटवर लावा.

३. सेक्स सॉर्टेड सीमेन, म्हणजे ज्यातून दहापैकी नऊ वेळा कालवड होते ते, गावच्या दवाखान्यात साध्या सीमेनच्या भावात मिळू द्या. नको असलेला गोऱ्हा जन्मालाच न येणं, यापेक्षा मोठी गोसेवा मला तरी माहीत नाही.

४. रस्त्यावर गाडी अडवायचा अधिकार फक्त पोलिसांचा. कागद तपासायचे तर त्यांनी तपासावेत. गळ्यात उपरणं घातलं म्हणून कुणी इन्स्पेक्टर होत नाही.

५. गावाची गायरानं मोकळी करा. मोकाट जनावराला चरायला माळ नाही, आणि गायरानावर कुणाची शेडं आहेत ते ग्रामसभेत विचारायची कुणाची छाती नाही.

जनावरावर प्रेम असणं चांगलंच आहे. पण जनावराला रोज संध्याकाळी पेंढी लागते, आणि पेंढीला पैसे लागतात. ते पैसे आज फक्त शेतकरी भरतोय, आणि वर शिव्याही तोच खातोय.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर कमेंटमध्ये हिशोब मांडा, शिव्या नकोत. आणि ज्यांना खरोखर गोऱ्हा सांभाळायचाय, त्यांनी इनबॉक्सला या. माझ्याकडे आत्ता दोन आहेत. फुकट देतो, कडब्याच्या पहिल्या पन्नास पेंढ्या माझ्याकडून.