शेततळी मोजली, पाणी कुणाला मिळाले?

राज्य सरकारने २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आणली. पावसाचे वाहून जाणारे पाणी शेतातच अडवावे आणि पावसाने ओढ दिली की पिकाला एखाद-दुसरे संरक्षित पाणी देता यावे, हा तिचा हेतू रास्तच होता. त्यासाठी ५० हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळत होते. किती तळी झाली, किती अनुदान वाटले, याचे आकडे सरकारदरबारी जमा होत गेले. गावात जाऊन पाहणी करणाऱ्या अभ्यासकांना मात्र वेगळेच दिसले. अनेक ठिकाणी, विशेषतः फळबागांच्या पट्ट्यात, तळ्यांना प्लास्टिकचे अस्तर घालून ती विहिरी आणि बोअरच्या पाण्याने भरली जात होती. साऱ्या शिवाराचे भूजल एकाच्या तळ्यात साठत होते आणि उन्हात त्यातले काही उडूनही जात होते.

ही गोष्ट तळ्यांच्या संख्येतून कधीच कळली नसती. भूगर्भशास्त्र सांगते की खडकात पाणी किती आहे. ते कोण उपसतो, का उपसतो आणि त्यापायी कुणाची विहीर कोरडी पडते, हे माणसांना विचारल्याशिवाय समजत नाही. फळबागेवर लाखोंचे कर्ज असलेला शेतकरी तळे भरून घेतो ते धास्तीपोटी. त्याला दोषी ठरवून प्रश्न सुटत नाही. त्याची धास्ती, शेजारच्या अल्पभूधारकाची अडचण आणि हंडा घेऊन फिरणाऱ्या बाईचे कष्ट एकत्र मांडले, तरच नियम कुठे बदलायचा ते उमगते. हिवरे बाजार या गावाने पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडून पिके ठरवली आणि सिंचनासाठी बोअर घ्यायचे नाही असा निर्बंध पाळला. माहिती गावाच्या हाती आली की गाव स्वतःला शिस्त लावू शकते, हे तिथे दिसले.

दुष्काळ अभ्यासासाठी थांबत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण योजना थांबवा, असे कुणी म्हणत नाही. पहिल्याच वर्षी काही तालुक्यांत पाहणी करून दुसऱ्या वर्षीचे निकष सुधारता येतात. तळ्यांमुळे अनेकांच्या बागा जगल्या, हेही खरे. पण त्या कुणाच्या पाण्यावर जगल्या, हे विचारणे सरकारचे कर्तव्य आहे, कारण अनुदान सर्वांच्या पैशातून जाते. अहवाल धूळ खात पडतात, ही तक्रार तर सर्वांत रास्त. म्हणूनच प्रत्येक मोठ्या ग्रामीण योजनेच्या निधीतला ठरावीक वाटा स्वतंत्र अभ्यासासाठी राखावा, त्यात लाभार्थ्यांबरोबर वंचित राहिलेल्यांनाही विचारावे, निष्कर्ष ग्रामसभेत वाचले जावेत आणि त्यावर काय केले याचे लेखी उत्तर खात्याने ठरलेल्या मुदतीत द्यावे. ज्यांच्या नावाने योजना निघते, त्यांना एवढे उत्तर मागण्याचा हक्क आहे.