काड्यापेटीची आगगाडी

जळगांव-धुळ्याच्या सुशिक्षित घरांत तीन वर्षांच्या मुलाच्या हातीं पेन्सिल देण्याची जी घाई चालली आहे, तिला शिक्षण म्हणावयास आम्ही तयार नाहीं. मुलानें शंभरापर्यंत अंक घडाघडा म्हटले कीं आईबापांस धन्यता वाटते. तेंच मूल ओसरीवर काड्यापेट्या एकामागें एक लावून ‘भुसावळ आलें, उतरा!’ असें ओरडूं लागलें, कीं ‘खेळ पुरे’ म्हणून त्यास उठविण्यांत येतें. आमचें म्हणणें असें कीं, खरा विचार चालला होता तो काड्यापेट्यांपाशींच.

काडीपेटी ही गाडी नव्हे, हें त्या मुलास पक्कें ठाऊक असतें. तींत बसावयास तें कधींहि जात नाहीं. तरी एका वस्तूच्या ठिकाणीं दुसरी कल्पून तें सगळा व्यवहार चालवितें. पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानें आपल्या सवा वर्षाच्या मुलीची एक हकीकत नमूद केली आहे. झालरीचें एक फडकें पाहून तिला आपली उशी आठवली. तें धरून ती आडवी झाली, मधून मधून डोळ्यांची उघडझांप करूं लागली आणि हंसूं लागली. त्या हंसण्यांत सारें आलें! तिला झोंप आली नव्हती. झोंपेची खूण मात्र तिनें केली होती. वायगॉट्स्की या रशियन पंडितानें १९३३ सालीं हेंच काठीच्या घोड्यावरून दाखविलें: काठी हातांत आली म्हणजे ‘घोडा’ हा अर्थ खऱ्या घोड्यापासून सुटा होतो. आतां ‘क’ हें अक्षर तरी काय आहे? एक वांकडी रेघ, जिला आपण ध्वनि मानतों. मानण्याची संवय जडण्यापूर्वींच रेघा गिरवून घेणें म्हणजे हात शिकविणें होय, मूल शिकविणें नव्हे.

खानदेशास हें परदेशांतून यावयास हवें होतें, असेंहि नाहीं. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे मुली गुलाबाई मांडतात. गाणीं झालीं कीं खाऊचा झांकलेला डबा हलवावयाचा, आणि आंत काय आहे तें आवाजावरून ओळखावयाचें. न दिसणारी वस्तु नुसत्या खुणेवरून मनांत उभी करावयाची, ती सुद्धां खाऊच्या लोभानें. याहून चांगली वाचनाची पूर्वतयारी आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

खेळानें बुद्धि हमखास वाढते, अशी जाहिरात करणारांचेहि आम्ही भाट नव्हों. २०१३ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं सारे प्रयोग तपासून, लटक्या खेळाचा असा परिणाम निर्विवाद सिद्ध झालेला नाहीं, असें सांगितलें. तें आम्हांस मान्य आहे. परंतु तिसऱ्या वर्षीं गिरविलेल्या पाटीची बाजू त्यानें बळकट होत नाहीं. पियाजे यांचा या विषयावरील ग्रंथ १९४५ सालीं निघाला; त्याच वर्षीं ताराबाई मोडक बोर्डीस खेड्यांतल्या बालकांसाठीं केंद्र काढीत होत्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंहि तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठीं खेळांतून शिक्षणच सांगितलें आहे. मग अडतें कोठें? शेजाऱ्याच्या मुलाला ‘झेड’पर्यंत येतें, येथें!

यंदा बालवर्गांत नांव घालतांना पालकांनीं फी विचारावी, गणवेष विचारावा. आणि दिवसांतून किती वेळ मूल मोकळें खेळतें, व तेव्हां त्याच्या हातीं काय असतें, हेंहि एकदां विचारावें. उत्तरादाखल वह्यांची यादी हातीं पडली, तर त्या दाराशींच थांबावें.