सरपंचांना माइकपुढे बसवा

मुलाखत ऐकावी ती रेडिओवरच, असं माझं ठाम मत आहे. तिथे चेहरा, कपडे, हुद्दा काहीच दिसत नाही. उत्तर देताना माणूस अडखळला, तर तेही स्वच्छ ऐकू येतं. आकाशवाणीच्या मुंबई-पुणे केंद्रांनी लेखक, गायक, शेतीतले जाणकार असेच आपल्या घराघरांत आणले. गावातली बाई गावच्याच केंद्रावर, गावच्याच बोलीत बोलू लागली ती मात्र फार नंतर.

२००२मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६मध्ये स्वयंसेवी संस्थांना कम्युनिटी रेडिओची दारं उघडली. साताऱ्याच्या माण तालुक्यात, म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ २००८मध्ये सुरू झाली. शंभर वॅटच्या प्रक्षेपकाचा आवाज जातो दहा-पंधरा किलोमीटर. पण तेवढ्या टापूत बोलणारा आणि ऐकणारा एकमेकांच्या ओळखीचे असतात. ओवी, बचत गट, शेळीपालन, आजारपण, शाळा, सगळं तिथे बोलता येतं.

बोलता येत नाही ते राजकारणावर. अशा केंद्रांना स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडींचे कार्यक्रम करण्याची मुभा नाही. नळाला पाणी कधी येणार, हे सांगता येतं. पाणीयोजना रखडली का, हे सरपंचांना विचारायचं म्हटलं, की परवान्याची धास्ती. दुष्काळी मुलखात पाणी हेच राजकारण असतं. ते वगळून गावाची मुलाखत घ्यायची कशी?

लहान केंद्र गावातल्या एखाद्या गटाच्या ताब्यात जाईल, ही भीती खोटी नाही. पण तिच्यावरचे उपाय नियमांतच आहेत. राजकीय पक्षांना आणि त्यांच्याशी संलग्न संघटनांना परवाना मिळत नाही. प्रसारित झालेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावा लागतो. त्यामुळे कोण काय बोललं, हे तपासता येतं. मोबाइलवरून पसरणाऱ्या निनावी अफवेला यातलं एकही बंधन नाही, आणि ती मात्र गावभर मोकाट फिरते.

रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्ये, क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात सांगितलं. त्या मालमत्तेवर पहिला हक्क म्हसवडसारख्या गावांचा आहे, असं मी मानतो.

म्हणून मागणी साधी आहे. निवडून आलेल्या स्थानिक प्रतिनिधींच्या मुलाखतींना सरकारने परवानगी द्यावी. सत्ताधारी आणि विरोधक, दोघांना सारखाच वेळ मिळावा आणि प्रश्न गावकऱ्यांचे असावेत. ग्रामसभेला सगळ्यांना जाता येत नाही. कुणी रानात असतं, कुणी चुलीपाशी, कुणाला चारचौघांत बोलायचा धीर होत नाही. त्यांच्या कानापर्यंत सरपंचांचं उत्तर पोहोचायलाच हवं.