प्रमाणपत्रं पुरे, वह्या बघा

बावीस वर्षं मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतोय. किती प्रशिक्षणांना बसलो, ते फाइलमधली प्रमाणपत्रं सांगतील. हा माणूस आता वेगळं शिकवतो का, हे बघायला त्यानंतर कुणी माझ्या वर्गात आलं नाही. एकदाही नाही.

प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी जे होतं, त्याला मूल्यमापन म्हणणं ही शुद्ध फसवणूक आहे. पूर्वचाचणीचीच प्रश्नपत्रिका उत्तरचाचणीला येते. मग अभिप्रायाचा फॉर्म : मार्गदर्शक कसे वाटले, जेवण कसं होतं. चारची एसटी गाठायची म्हणून सगळे ‘उत्कृष्ट’वर खूण करतात. मीही केली, ते चुकलंच. त्या खुणा मोजून वर अहवाल जातो, प्रशिक्षण यशस्वी! डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच चार पायऱ्या सांगितल्या होत्या : आवडलं का, समजलं का, कामात बदल झाला का, परिणाम दिसला का. आपण अजून पहिलीच पायरी झाडतोय.

आता नववीतल्या एका मुलीची वही बघा. (३ + ४)² = ९ + १६ = २५. दरवर्षी, दर तुकडीत हे असतंच. प्रशिक्षणाच्या सत्रात मला विस्तारसूत्र पुन्हा शिकवतात. अहो, सूत्र मला येतं! मुलीला ते का उमगत नाही, हे मला हवंय. शेवटी फरशीवर खडूनं सात विती बाजूचा चौरस काढला, बाजूंचे तीन आणि चार असे भाग पाडले. एक चौरस नऊचा, एक सोळाचा. ती वाकून बघत राहिली आणि म्हणाली, “सर, हे दोन आयत राहिलेच की!” बारा आणि बारा. पंचवीसचे एकोणपन्नास तिचे तिनंच केले.

ही रीत मला शेजारच्या शाळेतल्या बाईंनी चहा घेताना सांगितली होती. विषय येणं वेगळं आणि तो शिकवता येणं वेगळं, हे ली शुलमन यांनी १९८६ मध्ये मांडलं. आमची सत्रं अजून तिथवर पोचलेली नाहीत.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं शिक्षकाला वर्षाला ५० तास प्रशिक्षण सांगितलंय. तास जरूर द्या, पण नुसती हजेरी मोजू नका. प्रशिक्षणानंतर तीन महिन्यांनी माझ्या वर्गात या. आधी कळवू नका. मागच्या बाकावरच्या मुलांच्या वह्या मागा आणि मला नापास करायचं की नाही, ते त्या वह्यांवरून ठरवा.