अपुरे घेऊन येण्याची सभा

वाङ्मयीन चर्चेच्या पानावर संगणकवाल्यांच्या सभेचे काय काम, असा प्रश्न वाचकांना पडणे साहजिक आहे. परंतु साहित्यमंडळाच्या मासिक सभेहून परतताना अलीकडे आम्हांला दर वेळी एक परकी सभा आठवते, आणि मग आपल्या सभेविषयी काही बरे बोलवत नाही.

ती सभा प्रथम भरली ५ मार्च १९७५ रोजी, कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे, गॉर्डन फ्रेंच यांच्या घरच्या गॅरेजात. तीसेक माणसे जमली होती. पुढे तिचे नाव ‘होमब्रू कम्प्युटर क्लब’ असे पडले. घरी बिअर करावी तसा घरीच संगणक जुळवणाऱ्यांचा हा मेळा दर पंधरवड्याला भरू लागला आणि १९८६ पर्यंत टिकला.

त्या काळी हौशी माणसाच्या हाती येणारे यंत्र म्हणजे ‘अल्टेअर ८८००’. त्याला ना कळफलक, ना पडदा. पुढच्या बाजूची बटणे वर-खाली करून एकेक आज्ञा भरायची. त्याच वर्षीच्या एप्रिलात स्टीव्ह डॉम्पिअर यांनी हे यंत्र सभेत आणले व शेजारी एक साधा रेडिओ ठेवला. यंत्र चालू लागले की रेडिओत खरखर होते, हे त्यांच्या ध्यानात आले होते. त्या खरखरीलाच त्यांनी सुरांत बसवले, आणि रेडिओतून बीटल्सच्या एका गाण्याची चाल उमटली. याचा उपयोग काय, हा प्रश्न बाजूला ठेवून श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. काव्याच्या जन्माची याहून चांगली कथा आम्हांला ठाऊक नाही.

आमचे लक्ष मात्र सभेच्या रीतीकडे आहे. सूत्रसंचालक ली फेल्सेन्स्टाइन यांनी तिचे दोन भाग पाडले होते. पहिल्या भागात ज्याला वाटेल त्याने उभे राहून आपल्यापाशी काय आहे, काय हवे आहे, कुठे अडले आहे ते सांगायचे. दुसऱ्या भागात ज्याने त्याने आपल्या कामाचा माणूस गाठायचा. ‘मला हे येत नाही’ हे वाक्य तिथे ओळख करून देण्यास पुरेसे होते. स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनी पुढे ‘अ‍ॅपल १’ म्हणून विकल्या गेलेल्या यंत्राचे आराखडे याच सभेत मागेल त्याला दिले.

आता आपली सभा पाहा. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, अध्यक्षीय समारोप, आभार. यातून उरलेल्या वेळात वाचल्या जाणाऱ्या कविता बहुधा आधीच छापून आलेल्या असतात. त्यांना दाद द्यायची असते. त्यांत हात घालायला जागा नसते. मराठीचा विद्यार्थी बी.ए., एम.ए.ची पाच वर्षे पूर्ण करतो, पण खोडलेली ओळ, बदललेला शेवट, सोडून दिलेला आरंभ त्याच्या दृष्टीस क्वचितच पडतो. कविता घडते हे त्याला पाठ असते. घडताना त्याने ती पाहिलेली नसते. मग लिहिणे म्हणजे दैवी देणगी, असे त्याने मानले तर दोष कोणाचा?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, आज्ञावली चुकली तर यंत्रच सांगते; कवितेला असा पंच कुठला? आमच्या मते म्हणूनच कवितेला सभेची गरज अधिक आहे. फसलेली ओळ स्वतः होऊन बंद पडत नाही. ती चारचौघांच्या कानांवर पडावी लागते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: उघड्यावर ठेवलेले श्रम कोणीही उचलील. होमब्रूच्या सभासदांवरही हा प्रसंग आला. आपली बेसिक ही प्रणाली लोक पैसे न देता एकमेकांना देतात, अशी तक्रार करणारे तरुण बिल गेट्स यांचे खुले पत्र १९७६ च्या आरंभी त्यांच्याच वार्तापत्रात छापले गेले. त्या तक्रारीत तथ्य होते, आणि मानधनावाचून लिहिणाऱ्या मराठी लेखकाला तर ते सहज पटावे. परंतु तयार मालाची नक्कल करणे वेगळे आणि अडलेल्या कामात चार डोकी घालणे वेगळे. आम्ही मागतो आहोत ते हे दुसरे.

आपल्याला ही रीत अगदीच परकी आहे असेही नाही. १९५०च्या दशकात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढले, तेव्हा त्यांनीही कोणा मान्यवराच्या शिक्क्याची वाट पाहिली नव्हती.

तेव्हा आमची सूचना एवढीच: महिन्यातून एक संध्याकाळ, मराठी विभागाचीच एखादी खोली. पाहुणे नकोत, हार नकोत. प्रत्येकाने न जमलेले एक पान आणावे आणि कुठे अडले ते सांगावे. प्राध्यापकांनीही. आमचा एक निबंध गेले दोन महिने तिसऱ्या परिच्छेदाशी अडून बसला आहे. पहिल्या सभेत तो आम्ही वाचू.