मक्याच्या शेतातलं विद्यापीठ

लाखनीहून एका भगिनीचं पत्र आलंय. मुलाला अमेरिकेत एमएससाठी दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय, एक न्यूयॉर्कला आणि दुसरा इलिनॉय राज्यात अर्बाना-शॅम्पेनला. नातेवाईक म्हणतात, "एवढं कर्ज काढून पोराला खेड्यात कशाला धाडता?" काय करावं, असं त्या विचारतात.

माझं मत अर्बानाकडे झुकतं. माझी भाची तिथं शिकून आली. तिच्याकडून ऐकलेलं आणि थोडं वाचलेलं सांगते.

अर्बाना आणि शॅम्पेन ही एकमेकांना चिकटलेली गावं, शिकागोपासून सुमारे 220 किलोमीटरवर. आपल्याकडे धान तसा तिथं चौफेर मका आणि सोयाबीन. विद्यापीठ 1867 सालचं, शेती आणि यंत्रविद्या शिकवायला काढलेलं. आवारात 1876 पासून मक्याच्या प्रयोगाचा एक तुकडा राखलाय. त्याच्या शेजारी नवं ग्रंथालय बांधायची वेळ आली, तेव्हा पिकावर सावली पडू नये म्हणून ते चक्क जमिनीखाली बांधलं! 1969 मध्ये ते सुरू झालं. शेतकऱ्याच्या पोराला अशा गावात परकं का वाटावं? रवींद्रनाथ टागोरांनी आपल्या मुलाला शेती शिकायला इथंच पाठवलं होतं, आणि 1912-13 च्या हिवाळ्यात ते स्वतःही इथं राहिले.

अमेरिकेतली मुस्लिम स्टुडंट्स असोसिएशनसुद्धा 1963 मध्ये याच आवारात स्थापन झाली. मोठ्या शहरात माणूस आपापल्या गल्लीत हरवतो, लहान गावात एकमेकांना टाळता येत नाही. भाची सांगते, इफ्तारीला एका बाजूला मलेशियाची मुलगी, तर दुसऱ्या बाजूला इजिप्तची. मशीद चालत जाण्याइतकी जवळ.

खोलीभाडं न्यूयॉर्कपेक्षा पुष्कळ कमी. जमीन सपाट, त्यामुळे सायकल चालते. शहर बस विद्यार्थ्याच्या ओळखपत्रावर फिरते, तिचे पैसे फीमध्येच घेतलेले असतात. मला खरा हेवा वाटतो तो इथंच. एकोडीची मुलगी साकोलीला कॉलेजात जाते, तेव्हा तिचा अभ्यास परतीच्या गाडीच्या वेळेला संपतो. भाची मात्र रात्री उशिरापर्यंत ग्रंथालयात बसायची आणि बसनं खोलीवर यायची. तिच्या अम्मीला इकडे झोप लागत नसे, ती गोष्ट वेगळी.

उणिवाही सांगायला हव्यात. मे महिन्यात परीक्षा संपल्या की गाव ओस पडतं. मागे राहिलेल्या पोराला ते दिवस खायला उठतात. पदवीनंतर बहुतेकांना नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जावंच लागतं. सत्र चालू असताना परदेशी विद्यार्थ्याला आवारात आठवड्याला 20 तासांपर्यंतच काम करता येतं, तेव्हा कर्जाचा हप्ता त्यातून फिटेल असा हिशेब धरू नका.

अर्बाना ठरलं तर खोली बसच्या मार्गावरच बघायला सांगा, आणि लवकर बघा, कारण ऑगस्टअखेर वर्ग सुरू होतात. जाड कोट मात्र तिथंच घ्यावा. जानेवारीतला तिथला वारा आपल्या नागपुरी स्वेटरला जुमानत नाही.