गहू सोडण्याआधी रक्त तपासून घ्या

बंगळुरूतल्या मराठी मंडळींना ही तातडीची विनंती आहे. पोट सतत फुगतं, वरचेवर जुलाब होतात, थकवा जात नाही, म्हणून तुम्ही किंवा घरातलं कुणी उद्यापासून पोळी बंद करायच्या बेतात असाल, तर जरा थांबा. आधी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी करून घ्या आणि मग काय सोडायचं ते ठरवा. क्रम उलटा केलात, तर सीलिॲक हा आजार आहे की नाही हे कळण्याची वाट तुम्हीच बुजवून बसाल.

सीलिॲकमध्ये गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लूटेनमुळे रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. त्या भरात रक्तात जी प्रतिपिंडं तयार होतात, तीच ही तपासणी मोजते. ग्लूटेन बंद झालं की प्रतिपिंडं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उतरत जातात, आतडंही भरून येऊ लागतं. रोग्याच्या दृष्टीने हे चांगलंच, पण तेव्हा केलेली तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, आणि त्या निगेटिव्हला काही अर्थ नसतो. मग माणूस म्हणतो, ‘मला काही सीलिॲक नाही, गहू जरा सोसत नाही एवढंच,’ आणि सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा, लग्नातली पुरी, ऑफिसातला केक असं अधूनमधून चालू ठेवतो. सीलिॲक असलेल्याला तेवढंही चालत नाही. पथ्य जन्मभराचं आणि कडक असतं. ते पाळलं नाही तर हाडं ठिसूळ होतात, रक्त भरत नाही, मुलांची उंची खुंटते. एवढं मोठं पथ्य अंदाजावर का सुरू करायचं?

बंगळुरूत हे इतक्या निकडीने सांगायला कारण आहे. डॉ. बी. एस. रामकृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशाच्या तीन भागांतल्या २३ हजारांहून अधिक निरोगी प्रौढांची तपासणी केली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सीलिॲकची प्रतिपिंडं उत्तरेत १.२३ टक्के लोकांत सापडली, दक्षिणेत, म्हणजे वेल्लोरच्या बाजूला, फक्त ०.१० टक्के लोकांत. सीलिॲकला लागणारी जनुकं मात्र दोन्हीकडे जवळपास सारखीच होती, उत्तरेत ३८ टक्क्यांत आणि दक्षिणेत ३६ टक्क्यांत. मोठा फरक होता तो ताटात. उत्तरेत माणशी दिवसाला सरासरी ४५५ ग्रॅम गहू, दक्षिणेत २५ ग्रॅम.

आता आपल्या घरात डोकावा. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून इथे रुजलेली घरं असोत की परवा व्हाइटफिल्डला सामान उतरवलेलं जोडपं, डब्यात पोळी-भाजी आहेच. पत्ता दक्षिणेतला, कणकेचा डबा मात्र उत्तरेतल्यासारखा. ‘आपल्याकडे हा आजार फारसा नाही’ हे वाक्य ज्या भातखाऊ माणसाला पाहून बनलं, तो माणूस तुम्ही नाही. डॉक्टरांना हे आपणहून सांगा: आमच्याकडे रोज दोन वेळा पोळी असते, किंवा लहानपण सारं गव्हावर गेलं. इथल्या डॉक्टरांनाही विनंती आहे की मातृभाषा विचारता तसं रोजचं जेवणही विचारा. लोहाच्या गोळ्या महिनोन्महिने घेऊनही जिचं हिमोग्लोबिन चढत नाही, त्या बाईच्या बाबतीत तर नक्कीच. तिला पोटाची तक्रार असेलच असं नाही.

तपासणीला उपाशीपोटी जावं लागत नाही. टीटीजी-आयजीएसोबत एकूण आयजीए, म्हणजे त्या प्रकारची सगळी प्रतिपिंडं, हेही मोजायला सांगा. सीलिॲकच्या रोग्यांपैकी दोन-तीन टक्क्यांच्या रक्तात आयजीए मुळातच नसतं, त्यांची टीटीजी-आयजीए खोटी निगेटिव्ह येते. अशांसाठी आयजीजी प्रकारच्या वेगळ्या तपासण्या आहेत. शंभर-दोनशे पदार्थांची ‘फूड इनटॉलरन्स’ यादी छापून देणारी आकर्षक पॅकेजेस या कामाची नाहीत. त्यांत मोजलेलं पदार्थांविरुद्धचं आयजीजी सीलिॲकबद्दल काहीच सांगत नाही, फक्त घरातल्या अर्ध्या पदार्थांवर फुली मारतं.

रक्त पॉझिटिव्ह आलं तरी मोठ्यांमध्ये सहसा एन्डोस्कोपी करून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे तुकडे तपासतात. डॉक्टरांना आधी विचारून ठेवा: त्या सुरुवातीच्या भागाच्या दुसऱ्या टप्प्यातून निदान चार आणि अगदी तोंडाशी असलेल्या फुगीर टप्प्यातून एक-दोन तुकडे घेणार ना? इजा ठिगळाठिगळांत असते, एकाच तुकड्यात ती निसटू शकते. आणि दुर्बिणीतून ‘सगळं नॉर्मल दिसतंय’ म्हणून तुकडे न घेताच परत पाठवलं, तर ती तपासणी अर्धीच झाली असं समजा. अहवालात ‘मार्श ३’ असं काही लिहिलेलं असेल, तर आतड्याच्या अस्तरावरचे केसांसारखे उंचवटे झिजले आहेत असा त्याचा अर्थ. इथे दक्षिणेत एक मेख आहे. असे उंचवटे ट्रॉपिकल स्प्रू या आतड्याच्या दुसऱ्या आजारातही झिजतात आणि तो आजार या भागातल्या वैद्यकाच्या चांगल्या ओळखीचा आहे. जिआर्डियाचा जंतूही तसंच चित्र उभं करू शकतो. म्हणून नुसत्या बायोप्सीवर किंवा नुसत्या रक्तावर शिक्का मारू नये, दोन्ही जुळवून पाहावं लागतं. मुलांमध्ये टीटीजी-आयजीए सामान्य मर्यादेच्या दहापट किंवा अधिक असेल आणि दुसऱ्या नमुन्यात ईएमए ही तपासणीही पॉझिटिव्ह आली, तर २०२० च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार बायोप्सी टाळता येते. तो निर्णय मात्र बालरोग-पोटविकारतज्ज्ञांचा.

ज्यांनी गहू आधीच सोडलाय, त्यांनी हताश व्हायचं कारण नाही. सीलिॲकची जनुकं पाहणारी एचएलए तपासणी खाण्यावर अवलंबून नसते. ती निगेटिव्ह आली तर सीलिॲक जवळजवळ नाहीच. पॉझिटिव्ह आली तर काहीच सिद्ध होत नाही, वरचे ३६ टक्के आठवा. मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुन्हा गहू सुरू करून तपासणी करतात. ब्रिटनच्या सूचना दिवसातून एकाहून अधिक जेवणांत, निदान सहा आठवडे ग्लूटेन खायला सांगतात. हा खटाटोप अनेकांना सोसत नाही, म्हणून तर तो टाळा म्हणून ही विनवणी. पण गहू खाल्ल्यावर अंगावर गांध्या उठत असतील, ओठ सुजत असतील, श्वास अडकत असेल, तर ती ॲलर्जी असू शकते. तिथे ‘तपासणीपर्यंत खात राहा’ हा सल्ला लागू नाही. मूल वाळत चाललं असेल, जुलाब थांबत नसतील, तरीही वाट न पाहता आजच दवाखाना गाठा.

खपली गव्हाबद्दलही बोलायलाच हवं, कारण सांगली-बेळगावकडून येणारी ती पिशवी आपल्या घरांत औषधासारखी वाटली जाते. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लूटेन आहे. सीलिॲक असलेल्याला तो पचायला हलका वगैरे काही नसतो. तसंच इडलीचं. तांदूळ-उडदाची इडली ठीक, पण दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई पडली तेव्हा याच शहरात जन्मलेली म्हणून सांगतात ती रवा इडली गव्हाची. बाजारातल्या हिंगात बहुधा मैदा असतो, आणि तो सांबारात जातो. नाचणीचा उकडलेला गोळा, म्हणजे इथला ‘मुद्दे’, मात्र मनसोक्त खा. ‘ग्लूटेन-फ्री’ असं लिहिलेल्या पाकिटात एफएसएसएआयच्या नियमानुसार किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. हे सगळं मात्र निदान झाल्यावर. आज संध्याकाळची पोळी खा.

घरात कुणाला सीलिॲक निघालाच, तर त्याचे आई-वडील, भावंडं आणि मुलं यांचीही तपासणी करा, तक्रार असो वा नसो. सख्ख्या नात्यात शंभरातल्या सात-आठ जणांना तो असू शकतो. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांचीही अशीच तपासणी करा. भाऊ नागपूरला असेल, ताई पुण्यात, तर आज रात्री फोन करा आणि पहिलं वाक्य हे सांगा: पोळी चालू ठेव, टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए करून घे, अहवाल मला पाठव.